पिंजलंय, विरघळलं नाही

आमच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ‘विरघळलं’ या शब्दाला चार वर्षं बंदी होती. ती प्राचार्यांनी किंवा विद्यापीठाने घातलेली नव्हती, रझिया मॅडमनी घातली होती. त्यांच्या नावाची साधी खुर्चीसुद्धा महाविद्यालयात नव्हती. त्या तासिका तत्त्वावर होत्या. म्हणजे जितके तास शिकवाल तितका वेळ तुम्ही प्राध्यापक, बाकीच्या वेळात तुम्ही कोणी नाही. पण एम.एस्सी.चं एखादं पोरगं काळ्या पाण्याची बाटली खिडकीतल्या उजेडात धरून ‘मॅडम, विरघळलं!’ असं ओरडलं, की त्या आपल्या स्टुलावरूनच म्हणत,

“मीठ इरघळते. साखर इरघळते. हे पिंजलं हाय. वहीत खोडा आन नीट लिवा.”

वर्गात शिकवताना त्यांची भाषा पुस्तकात छापावी इतकी शुद्ध असे. अपमान करायचा झाला की मात्र त्या वऱ्हाडीत उतरत. त्यामुळे आम्हा सहकाऱ्यांशी त्या बहुतेक वेळा वऱ्हाडीतच बोलत.

ती कापसाची वाईट वर्षं होती. यवतमाळचं नाव रोज पेपरात येई, आणि रोज कोणीतरी जीपमधून उतरून आम्हाला वाचवायला येई. कोणी गांडूळ घेऊन आलं, कोणी श्वास कसा घ्यावा हे शिकवायला आलं. आमचे विभागप्रमुख डॉ. कोलवाडकर यांना वाटलं, सगळं गाव वाचवायला निघालंय तर आपणच मागे का? तीन पिढ्या कचेरीत काढलेल्या घरातले गृहस्थ. रानात त्यांचा पाय फक्त हुरड्यापुरता पडलेला. त्यांनी कुठल्याशा परिसंवादात ‘नॅनो’ हा शब्द ऐकला होता आणि तो त्यांना फार आवडला होता. त्या शब्दावर त्यांनी अनुदान मिळवलं. त्यातून कार्बनच्या नळ्यांची एक इवलीशी कुपी आली आणि एक यंत्र आलं. यंत्र वर्षभर खोक्यात होतं. खोक्यावर सर चहाचा कप ठेवत.

या नळ्या डोळ्यांना दिसत नाहीत. दिसते ती काजळीसारखी काळी, हलकी भुकटी. एकेक नळी केसापेक्षा हजारो पट बारीक, आणि सगळ्या एकमेकींत अशा गुंतलेल्या, की पाण्यात टाकल्या तर गोळा होऊन तरंगतात नाहीतर तळाशी जातात. पाण्याशी त्यांचं जन्माचं वाकडं. त्या सुट्या करून पाण्यात टिकवायच्या, हा रझिया मॅडमच्या पीएच.डी.चा विषय होता. मार्गदर्शक अर्थातच कोलवाडकर. विषय त्यांनीच दिला होता. तो काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं एवढंच.

कुपी पहिल्यांदा उघडली तो दिवस मला आठवतो. मॅडम म्हणाल्या, “सर, पंखा बंद करा. हे उडते. छातीत गेलं त निंगत नाई.” सर हसले. “एवढ्याशा भुकटीला काय घाबरायचं?” आणि त्यांनी पंख्याखालीच झाकण फिरवलं. पुढच्या क्षणाला कुपीतला चांगला तिसरा हिस्सा सरांच्या पांढऱ्या सफारीवर, भुवयांवर आणि नाकात होता. मॅडम तोंडाला ओला रुमाल बांधून आधीच दाराबाहेर उभ्या होत्या. पंखा थांबल्यावर आत आल्या, ओल्या फडक्याने टेबल पुसलं, आणि ते फडकं पिशवीत घट्ट बांधत म्हणाल्या, “आता सरच एक नॅनो मटेरियल झाले.” मी खोकल्याचं निमित्त करून बाहेर जाऊन हसलो. त्यांच्या समोर हसायची माझी हिंमत नव्हती. माझी हिंमत हा पुढेही येणारा विषय आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

पीएच.डी.चं सगळं काम त्यांनी एकटीने केलं. पाण्यात साबण कालवायचा. आपला धुण्याचा नव्हे, शुद्ध, बाटलीतला. मग त्यात भुकटी टाकायची आणि यंत्राचं धातूचं बोट पाण्यात बुडवायचं. ते बोट इतक्या जोरात थरथरतं, की कानात खिळा ठोकावा तसा आवाज येतो. मॅडम कानात कापसाचे बोळे घालून बसत. बोट वर आलं तर फेस होतो, फार खाली गेलं तर भांडं फुटतं. पाणी तापतं, म्हणून भांडं बर्फात ठेवावं लागतं. आमच्या विभागातला फ्रीज सरांच्या ताकासाठी होता, तो बर्फ धरत नसे. मग एप्रिलच्या उन्हात ही बाई चौकातल्या रसवंतीवाल्याकडून थर्मासभर बर्फ आणी. वीज कधी जाणार याचं वेळापत्रक त्यांनी भिंतीला चिकटवलेलं होतं. ते बघून त्या कामाला बसत. हिवाळ्यात साबणाच्या बाटलीत पांढरे खडे धरत, तेव्हा ती बाटली काखेत धरून वर्ग घेत.

आम्ही कायम नोकरीवाले तेव्हा स्टाफरूममध्ये सहाव्या वेतन आयोगावर बोलत असू.

एकदा त्या प्रयोगशाळेत एक मोठं, जुनं पिंजण घेऊन आल्या. गादीवाल्या पिंजाऱ्याचं, खांद्यावर टाकून गावोगाव नेतात ते लाकडी धनुष्य. त्यांच्या वडिलांचं. सरांनी नाक मुरडलं. मॅडमनी टेबलावर कापसाचा गोळा ठेवला, धनुष्याची ताणलेली दोरी, म्हणजे तात, त्यावर टेकवली आणि लाकडी ठोकळ्याने हाणली. घुंग, घुंग. बघता बघता गोळ्याचा ढीग झाला, ढिगातला धागा न धागा सुटा.

“पाह्यलं?” त्या पोरांना म्हणाल्या. वडिलांचा विषय निघाला, की शिकवतानाही त्या वऱ्हाडीत येत. “अब्बा म्हणत, कापसाले ओढायचं नाई. हालवायचं. तात थरथरते, कापूस आपोआप सुटते. हे यंत्र तेच करते. पण पिंजलेला कापूस पुन्हा दाबला त पुन्हा गोळा. म्हणून साबण. एकेका नळीले साबणाचा अंगरखा घालायचा, मंग त्या एकमेकीच्या गळ्यात पडत नाई.”

एका पोराने विचारलं, “जास्त वेळ पिंजलं तर अजून चांगलं होईल ना, मॅडम?”

“जास्त पिंजला त धागा मोडते. गादी सालभरात बसते. नळ्याचं बी तसंच, तुकडे होते. थांबायचं कवा हे ज्याले समजते तो पिंजारी. बाकी सारे ठोके मारनारे.”

मी तीस वर्षं शिकवलं. यापेक्षा चांगला तास मी पाहिला नाही, घेतला तर नाहीच. कोलवाडकर तो तास संपल्यावर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “शेवटी पिंजाऱ्याची पोरगी. रसायनशास्त्राची गादी करून टाकली.” ते इतक्या मोठ्या कानगोष्टीत म्हणाले, की मॅडमना ऐकू गेलंच. त्या पिंजण भिंतीला टेकवत म्हणाल्या, “गादी त झाली, सर. तुमी तिच्यावर झोपूनच राह्यले.”

नळ्या पाण्यात टिकल्या. त्यांच्या कपाटावर काळ्या पाण्याची एक बाटली होती, तिच्यावर तारीख घातलेली. महिने गेले तरी तळाशी गाळ नाही. आणि इथेच संकट आलं. कारण ती बाटली सरांना दिसली.

सरांच्या डोक्यात आलं, हे पाणी कपाशीला द्यायचं. कशाला? वाढीला. कसं? ते नॅनो आहे ना! त्यांनी नावही ठरवलं, ‘श्यामामृत’. मॅडमनी शांतपणे तीन ट्रेमध्ये सरकी पेरली. एकाला साधं पाणी, दुसऱ्याला नुसतं साबणाचं पाणी, तिसऱ्याला श्यामामृत. पंधरवड्याने साध्या पाण्याची रोपं तरारली होती. बाकीच्या दोन ट्रेमधली सारखीच मरगळलेली, पानांच्या कडा भाजलेल्या.

सरांनी मधला ट्रे पाहिला आणि ते चिडले. “साबणाचा ट्रे कोणी ठेवायला सांगितला? पिकाला साबण कोण देतं?”

“तुमी देऊन राह्यले, सर. तिसऱ्या ट्रेत तोच हाय. मधला न ठेवता कसं कळंल, पिकाले साबणानं मारलं का नळ्यानं?”

सरांनी मधला ट्रे शिपायाकरवी फेकून दिला. तिसऱ्या ट्रेमधली त्यातल्या त्यात बरी दोन रोपं निवडली आणि फोटोग्राफरला सांगितलं, जवळून घे. फोटोत ती दोन रोपं ताडामाडाएवढी दिसत होती.

मग पाहुणे आले. एक समिती होती, मुंबईची. जिल्ह्यात कुठे काय नवीन चाललंय ते बघत फिरत होती. सभागृहात टेबल मांडलं, त्यावर पाण्याने भरलेला काचेचा मोठा हौद, शेजारी मॅडमची बाटली. सर बाटलीतलं हौदात ओतणार, आणि एका बाटलीत एकरभर फवारणी कशी होते ते दाखवणार. कार्यक्रमाआधी मॅडमनी हौदातल्या पाण्यात बोट बुडवून बोटं एकमेकांवर चोळली.

“सर, हे बोरचं पाणी हाय.”

“पाणी ते पाणी.”

“बोरच्या पाण्यात साबणाले फेस येत नाई, सर. फाटते तो. साबण फाटला त नळ्याचा अंगरखा गेला.”

“मॅडम, तुम्ही मागे बसा.”

यवतमाळात जिने कोणी चूल सांभाळली आहे, तिला हे ठाऊक आहे. बोरच्या पाण्यात दाळ शिजत नाही, डोक्याला साबण लावला तर केस चिकट होतात. आमच्याकडच्या बाया दाळीपुरतं नळाचं पाणी वेगळं भरून ठेवतात. ही काही गुप्त विद्या नाही. पण डॉ. कोलवाडकर रसायनशास्त्राचे डॉक्टर होते, आणि त्यांनी जन्मात दाळ शिजवलेली नव्हती. त्यांच्या ताटात ती शिजूनच येत होती.

सरांनी बाटली ओतली. पाणी सुंदर काळं झालं. टाळ्या पडल्या. सर काळी माती, काळं पाणी आणि पांढरं सोनं यांवर बोलू लागले. पाचेक मिनिटांत हौदात वर पांढुरकी साय दिसू लागली. दहाव्या मिनिटाला ताक फाटावं तसं पाणी फाटलं. काळे गोळे सावकाश खाली उतरायला लागले, आणि सरांचं ‘उज्ज्वल भविष्य’ येईपर्यंत हौदाचं पाणी वरून निवळलं होतं. तळाशी काळा चोथा.

समितीतल्या एका बाईंनी विचारलं, “हे खाली बसलं का?”

आणि इथे त्या माणसाची मला अजूनही कमाल वाटते. सर क्षणभरही न अडखळता म्हणाले, “बसतंच मॅडम! बसायलाच हवं. मुळं खालीच असतात ना!”

समितीने माना डोलावल्या. लिहून घेतलं. मागच्या रांगेत रझिया मॅडम तोंडाला ओढणी लावून बसल्या होत्या. मला वाटलं, हसत असतील. बघितलं तर डोळ्यांत पाणी होतं. बाहेर आल्यावर त्या मला म्हणाल्या, “गावोगाव बोरचंच पाणी हाय, सर. फवाऱ्याच्या पंपात हे टाकलं त तोंडच बंद होईल पंपाचं. अन मानूस समजंल आपलंच काई चुकलं.”

पुढच्या आठवड्यात समितीला अहवाल पाठवायचा होता. एका पानाचा. त्यात दोनच वाक्यं कामाची होती: ‘सदर द्रव्य पाण्यात पूर्णतः विरघळते. कपाशीच्या वाढीस ते उपयुक्त असल्याचे आढळले आहे.’ खाली तीन सह्या. विभागप्रमुख, विभागातले एक प्राध्यापक आणि संशोधक.

विभागातला एक प्राध्यापक म्हणजे मी. मी सही केली. माझी स्थाननिश्चितीची, म्हणजे बढती-पगारवाढीची, फाइल सरांच्या टेबलावर होती, हे कारण मी तेव्हा स्वतःला दिलं होतं. कारण खरं होतं. हौद माझ्यासमोर फाटला होता, हेही खरं होतं. पेन चांगलं चाललं, अडलं नाही.

मग मॅडमना बोलावलं. त्यांचा प्रबंध तेव्हा तयार होता. चार वर्षांचं काम, टंकलेलं, निळ्या कापडात बांधलेलं. कुठला साबण किती घालायचा, किती वेळ पिंजायचं, कुठे थांबायचं, कोणत्या पाण्यात टिकतं आणि कोणत्यात फाटतं, सगळं त्यात होतं. विद्यापीठात सादर करायला फक्त मार्गदर्शकाची सही हवी होती. त्या सहीवर पीएच.डी., आणि पीएच.डी.वर कायमची नोकरी. घरात अब्बांचे डोळे गेलेले, धाकटी बहीण शिकत होती. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. सरांनाही.

सरांनी निळा प्रबंध टेबलाच्या या बाजूला ठेवला, अहवाल त्या बाजूला. “सोपं आहे,” ते म्हणाले. “तुम्ही तिथे सही करा, मी इथे करतो.”

मॅडमनी अहवाल उचलला. वाचला. एका पानाला वाचायला लागतो त्याच्या चौपट वेळ लावला. मग पर्समधून लाल पेन काढलं. वह्या तपासायचं. ‘विरघळते’ खोडलं. ‘उपयुक्त’ खोडलं. समासात, पोरांच्या वहीत लिहीत तसंच, व्यवस्थित गोल अक्षरात लिहिलं: ‘खोडा आणि नीट लिहा.’ खाली माझ्या सहीपाशी त्यांचं पेन जरा थांबलं. तिथे त्यांनी काही लिहिलं नाही. पान टेबलावर ठेवलं.

“दोन वाक्य हायत सर, दोनी खोटे.”

“विचार करा, मॅडम.”

“केला. चार वर्षं तेच करून राह्यली.”

सरांनी अहवाल पुन्हा टाइप करून घेतला आणि तिसऱ्या जागी दुसऱ्या कोणाची तरी सही घेतली. निळा प्रबंध आपल्या लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं. जूनमध्ये वेळापत्रक लागलं, त्यात रझिया मॅडमच्या नावाचा एकही तास नव्हता. काढलं असं कोणी म्हणालं नाही. तास नव्हते, म्हणून त्या नव्हत्या. तासिका तत्त्वाची हीच तर सोय आहे. निरोप समारंभ करावा लागत नाही.

त्या अहवालाचं पुढे काय झालं? काहीही नाही. समितीने तो वाचल्याचंसुद्धा कळवलं नाही. श्यामामृत कधी निघालं नाही, कोणाच्या पंपात गेलं नाही. म्हणजे एका बाईची चार वर्षं ज्या खोट्यासाठी कपाटात गेली, ते खोटं कोणाला नकोच होतं. याची मला चीड येते. सरांची येते, आणि माझी जास्त येते. सर निदान त्या मूर्खपणावर मनापासून विश्वास ठेवून होते. मी तर बोरचं पाणी ओळखणाऱ्या घरातला.

सर निवृत्त झाले. विभागप्रमुख मी झालो. किल्ल्यांचा जुडगा माझ्याकडे आला.

काही वर्षांनी बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेला बाह्य परीक्षक म्हणून मी महागावला गेलो. ही परीक्षा म्हणजे काय असते ते सगळ्यांना माहीत आहे. सकाळी पोहोचायचं, आलुबोंडा, चहा, पुन्हा चहा. पोरं आत काहीतरी ढवळत असतात. दुपारी आतले परीक्षक गुणपत्रिका पुढे करतात, सगळ्यांना सारखेच भरघोस मार्क, आपण सही करायची आणि परतीची गाडी गाठायची. मीही नाश्ता झाल्यावर घड्याळ पाहिलं, आणि दारात रझिया मॅडम उभ्या. त्या तिथे शिकवत होत्या. केस पांढरे झाले होते. आवाज तोच.

“या सर. पोरं थांबून राह्यले.”

त्यांनी मला बसूच दिलं नाही. एकेका पोरापाशी नेलं. प्रत्येकाची परीक्षानळी मला उजेडात धरायला लावली, प्रत्येकाला माझ्याकडून एकेक प्रश्न विचारायला लावला. एका मुलीच्या नळीत तळाशी बसणारा साका पांढरा यायला हवा होता, पिवळा आला होता. ती रडवेली झाली. मॅडम म्हणाल्या, “जे आलं ते लिव. पांढरा लिवशीन त मार्क काटीन.” माझी दीडची गाडी गेली. मला कोणी चहा विचारला नाही.

सगळं संपल्यावर आम्ही दोघंच टेबलापाशी उरलो. काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, “मॅडम, त्या प्रबंधाचं पुढे काही…”

“तिथंच असंल,” त्या कागद नीट लावत म्हणाल्या. “तुमच्या कपाटात.”

तुमच्या म्हणाल्या. बरोबर होतं. दर दिवाळीला ते कपाट पुसलं जातं, तेव्हा निळं कापड मला दिसतं. एकदा काढून हातातही घेतलं होतं. मग काय करायचं ते न सुचून परत ठेवलं. मी काही तरी पुटपुटलो, की आता मी प्रमुख आहे, विद्यापीठाला विचारून बघतो, मार्गदर्शक बदलून मिळतो का. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. गुणपत्रिका माझ्यापुढे सरकवली.

मी सवयीने पेन काढलं, पान उलटलं आणि सहीच्या जागेवर टेकवलं. त्यांनी पानावर हात ठेवला.

“आधी वाचा, सर.”

आवाजात राग नव्हता. पोरांना सांगतात तसं सांगितलं. मी पान परत उलटलं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो. नाव, क्रमांक, गुण. मान वर करायची मला हिंमत झाली नाही. शेवटच्या नावापर्यंत त्या समोर उभ्या होत्या.